सोलरच्या गरम पाण्याला प्रेशर नाही – मदत हवी आहे

वाघोली, तिसरा (सर्वात वरचा) मजला. 200 लिटरचा ट्यूबवाला सोलर, प्रेशर पंप नाही, पाणी बोअर आणि टँकरचं. गार पाण्याने 15 लिटरची बादली दीड मिनिटात भरते, गरम पाण्याला सहा मिनिटं लागतात. महिन्याभरात धार हळूहळू बारीक झाली.

तपासलेलं: गार टाकीचा तळ सोलरच्या टाकीपेक्षा फूटभर वर आहे. शॉवर आणि नळांच्या जाळ्या साफ केल्या. गच्चीवर गरम लाईनचा युनियन (पाईपचा खोलता येणारा जोड) खोलला तर तिथेही धार बारीकच, म्हणजे दोष बाथरूमच्या मिक्सरचा नाही. व्हेंट पाईप (सोलरच्या टाकीत हवा ये-जा करण्याचा) मोकळा आहे (तो तुंबला तर निर्वात होऊन टाकीच चेपू शकते, म्हणून आधी तोच पाहिला). एअर लॉकचा (पाईपमध्ये हवा अडकण्याचा) संशय कमी, कारण तो सहसा अचानक होतो आणि नळ फुरफुरतो.

उरले दोन: गार इनलेटचा स्प्रिंगवाला एनआरव्ही (पाणी उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह), किंवा गरम आउटलेटच्या निपलमध्ये (टाकीला जोडलेल्या छोट्या पाईपच्या तुकड्यात) साचलेला क्षार.

एनआरव्ही काढून फ्लॅपवाला बसवला तर एवढ्या कमी उंचीच्या दाबावर तो नीट उघडेल का? आणि सोलरच्या काचेच्या ट्यूब न काढता निपल साफ होतो का? ॲसिड टाकीत जाऊ द्यायचं नाहीये. जाणकारांनी कृपया सांगावं.