मदत हवी आहे: निकेलहार्पावर बाखचा प्रेल्यूड कसा बसवावा?

स्वीडनमधल्या उप्सालात निकेलहार्पा शिकतेय, म्हणजे गजाने वाजवायचं, चाव्या दाबून सूर बदलायचं तिथलं तंतुवाद्य. वाद्य नेहमीचं क्रोमॅटिक (सप्तकातले बाराही सूर देणारं): चाव्यांच्या तीन रांगा, सारंगीसारख्या १२ तरफा, वरून खाली तारा ए, सी, जी, सी. शेवटची सी फक्त खुली वाजते, तिला चाव्या नाहीत.

बाखच्या एकट्या व्हायोलिनसाठीच्या ई मेजर पार्टिटाचा (बाखच्या रचनांच्या सूचीत बीडब्ल्यूव्ही १००६) प्रेल्यूड, म्हणजे सुरुवातीचा भाग, बसवायचाय, आणि गाडी अडते बारियोलाजपाशी, म्हणजे गज खुल्या आणि दाबलेल्या तारांवर भराभर आलटूनपालटून फिरतो तिथे. व्हायोलिनवर खुल्या ई तारेचा सूर मधेमधे झळकत राहतो, सगळी जादू त्यातच आहे. इथे खुली ई नाहीच! पुढे हाच प्रकार खुल्या एवर येतो, तिथे निदान तार मिळते.

तो तुकडा एकट्या ए तारेवर वाजवून पाहिला. गज तारा बदलत नाही, त्यामुळे सपाट वाटतो. खुल्या ईच्या जागी खुली ए यावी म्हणून सगळं ए मेजरमध्ये उतरवलं, तर खालचे सूर जीच्याही खाली जातात. खालच्या सीलाही चाव्या असलेलं चार रांगांचं वाद्य सध्या परवडणार नाही.

कोणी हे प्रत्यक्ष वाजवलंय का? ए मेजर ठेवून खालचे सूर सप्तकभर वर घ्यावेत, की मूळ ई मेजरच धरावा? आणि वरून दुसरी तार सीवरून चढवून डी केली, म्हणजे ए-डी-जी व्हायोलिनसारखे होतील, तर नेहमीची तार तो ताण सोसेल का?