ते चित्र पाद्र्यांवर नाही, लायेलवर आहे

कातळवेडा :
परवा इथे एका सदस्याने दिवाणखान्यातल्या फ्रेमचा फोटो टाकला. इंग्रज भूवैज्ञानिक हेन्री द ला बेशचं 1830 चं ‘ऑफुल चेंजेस’ हे व्यंगचित्र. कोट-चष्मा घातलेले प्रोफेसर इक्थिओसॉरस (डायनासोरच्या काळातला समुद्री सरपटणारा प्राणी) माणसाची कवटी दाखवत शिष्यांना शिकवताहेत, ते. वर मथळा : ‘धर्मांधांच्या थोबाडीत विज्ञानाची पहिली चपराक. प्रत्येक शिक्षकाच्या घरी हवं.’ भराभर बदाम पडले. एकानेही विचारलं नाही की चपराक कुणाच्या गालावर आहे.

त्याच वर्षी भूवैज्ञानिक चार्ल्स लायेलच्या ‘प्रिन्सिपल्स ऑफ जिऑलॉजी’चा पहिला खंड आला. हवामान फिरून तसंच झालं तर इग्वानोडॉन हा डायनासोर रानात आणि इक्थिओसॉरस समुद्रात परत दिसू शकतील, असं लायेलने त्यात लिहिलं. द ला बेशने ते वाक्य उचललं : घ्या, आले परत, आणि आता तुमच्याच कवटीवर व्याख्यान देताहेत. ‘दात अगदीच किरकोळ, जबड्यात जोर नाही, हा प्राणी पोट कसं भरत असेल?’ अशा अर्थाचं प्रोफेसर बोलतात. लोक बरीच वर्षं हे ऑक्सफर्डचा भूवैज्ञानिक विल्यम बकलंड याच्यावरचं व्यंगचित्र समजत होते. विज्ञानाचे इतिहासकार मार्टिन रडविक यांनी 1975 मध्ये द ला बेशच्या वहीतली कच्ची चित्रं पुढे आणली. त्यात वकिली झगा घातलेला एक गृहस्थ हातोडीवाल्या भूवैज्ञानिकाला आपला चष्मा देऊ करतोय. वकिली शिकलेला लायेलच तो. भांडण एका भूवैज्ञानिकाचं दुसऱ्याशी आहे, आणि तेही पुराव्याच्या पुढे किती धावायचं यावर. बायबल कुठेच नाही. मला राग येतो तो यामुळे.

फ्रेमवाला :
फोटो माझा. भिंतही माझी. माझी मुलगी आठ वर्षांची आहे. फ्रेम लावली त्या रात्री तिने विचारलं, ‘बाबा, ती कवटी आपली का? मग आपण कुठे गेलो?’ पाऊण तास आम्ही जमिनीवर बसून थर, गाळ, हाडं असं बोलत होतो. पाठ्यपुस्तकाने हे कधी केलं नाही. लायेल असो नाहीतर पोप, चित्राने काम केलं. तुमच्या वहीतल्या कच्च्या चित्रांनी कुणाचं मूल जागं राहिलं का?

कातळवेडा :
मुलीचं खरंच छान वाटलं. पण पाऊण तासात तिला चुकीचंच सांगितलंत ना! पाचच मिनिटं जास्त देऊन खरं सांगितलं असतंत, तर शास्त्रज्ञ एकमेकांनाही कसे सोलतात ते तिला कळलं असतं. ती गोष्ट जास्त मोठी आहे.

शिंपला :
लावायचंच तर त्याच माणसाचं त्याच वर्षीचं ‘ड्युरिया अँटिक्विअर’ लावा. जीवाश्म शोधून विकणाऱ्या मेरी अॅनिंगने इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या लाइम रीजिसच्या कड्यातून काढलेले प्राणी त्यात जिवंत पोहताहेत, एकमेकांना खाताहेत, चक्क हगताहेत. त्याच्या छापील प्रती विकून आलेले पैसे मेरीला दिले गेले, कारण ती तेव्हा अडचणीत होती. इक्थिओसॉरसच्या पोटाजवळचे ‘बेझोर’ दगड फोडले की आत माशांची हाडं आणि खवले निघतात, हे तिने पाहिलं होतं. म्हणजे ती दगड झालेली विष्ठा. तिच्यासाठीचा ‘कोप्रोलाइट’ हा शब्द मात्र बकलंडचा झाला. लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीने बायकांना आत घेतलं 1919 मध्ये. मेरी गेली 1847 ला.

पाचट :
मेरीला मदत केली म्हणून द ला बेशची आरती नको. त्याच्या हातात हातोडी आणि कुंचला कुणाच्या जिवावर आला? जमैकातला हाल्स हॉल हा त्याच्या घराण्याचा उसाचा मळा. तिथे गुलाम राबायचे, म्हणून साहेबांना इंग्लंडात दगड गोळा करायला सवड. 1823 मध्ये तिथे जाऊन आला, 1825 मध्ये गुलामांच्या स्थितीवर पुस्तिका लिहिली. गुलाम मात्र ठेवलेच.

कातळवेडा :
हे खरं आहे, पण विषय व्यंगचित्राच्या अर्थाचा चालू आहे. असं बघितलं तर त्या काळातलं एकही चित्र भिंतीवर उरणार नाही.

पाचट :
तुमच्यासाठी हा विषय नाही, ठाऊक आहे. माझे आजोबा बीडहून दर दिवाळीनंतर कोयता घेऊन फडावर जायचे. मुकादमाची उचल फिटायचीच नाही. आजीने पाचटाच्या कोपीत माझ्या वडिलांना जन्म दिला आणि पाचव्या दिवशी मोळी उचलली. साखर म्हटलं की मला ती मोळी दिसते. त्यामुळे ‘पण विषय’ हे मला सांगू नका.

फ्रेमवाला :
आजीबद्दल आदर आहे. पण उचल वेगळी आणि माणूस विकणं वेगळं. दोन्ही एका पारड्यात घालू नका.

पाचट :
एक आहेत असं मी कुठे म्हटलं? नीट वाचा. गुलामगिरी कितीतरी भयंकर होती. म्हणूनच म्हणतोय की चित्राखाली लायेलचं नाव लिहायला पाऊण पान खर्च होतं आणि मळ्याला एक ओळही मिळत नाही. 1830 नंतर मळ्याचं उत्पन्न आटलं तेव्हा हाच माणूस सरकारकडे नकाशांसाठी पैसे मागायला गेला, आणि त्यातून 1835 मध्ये सरकारी भूवैज्ञानिक सर्वेक्षण उभं राहिलं. म्हणजे मळा हा भूविज्ञानाच्याच इतिहासाचा भाग आहे, कातळवेडे. तुमच्याच विषयाचा.

शिंपला :
एवढं तरी नोंदवा की 1848 मध्ये सोसायटीचा अध्यक्ष म्हणून त्याने मेरीला जाहीर श्रद्धांजली वाहिली. ती सभासद नसताना.

पाचट :
नोंदवलं. मेली तेव्हा.

वरोरेकर :
तुमचं इंग्लंड-जमैका चालू द्या, पण कोप्रोलाइटचं नाव निघालं म्हणून बोलतो. आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्याच्या शेतांत डायनासोरच्या काळातले कोप्रोलाइट नांगराला लागतात. नागपूरचा मिशनरी हिस्लॉप याने दीडशे वर्षांपूर्वी तिथले जीवाश्म गोळा केले. 2005 मध्ये त्याच विष्ठेत गवताचे सूक्ष्म सिलिका-कण सापडले, आणि डायनासोर असतानाच गवत होतं हे जगाला कळलं. लहानपणी आम्ही तेच गोटे भिरकावून चिंचा पाडायचो. कुणीच सांगितलं नाही हो, मास्तरांनीसुद्धा नाही! आता मराठी माणूस लाइम रीजिसचं शेण फ्रेम करतो. पिसदुऱ्याचं एक चित्र काढा ना कुणीतरी.

कातळवेडा :
पिसदुरा मी बघितलेलं नाही. लाज वाटते. आणि पाचट, मळ्याचा मुद्दा मी झटकला ते चुकलं. मूळ मुद्दा मात्र सोडत नाही : चपराक लायेललाच आहे.

फ्रेमवाला :
बरं. मथळा बदललाय : ‘द ला बेश, 1830, लायेलच्या कल्पनेवर टीका.’ फ्रेम हलणार नाही. हवं तर हाल्स हॉलचं फ्रेमच्या मागे लिहून चिकटवतो.

पाचट :
मागे कोण वाचणार? पुढे लिहा. मुलगी विचारेल.