बीटल्स वहीमुळे फुटले की गाण्यामुळे? (गच्चीवरचं भांडण इथे आणतोय)

गंगापूररोडकर

गेले तीन रविवार आमच्या गच्चीवर पांढरी चादर ताणून पीटर जॅक्सनची 'गेट बॅक' मालिका पाहिली. जवळपास आठ तास. तिसऱ्या रविवारी मालिका संपली आणि भांडण सुरू झालं. खालच्या काकू वर आल्या म्हणून ते अर्ध्यावर राहिलं. उरलेलं इथे.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी: २ जानेवारी १९६९. लंडनजवळच्या ट्विकनहॅमच्या थंडगार फिल्म स्टुडिओत बीटल्सचे चौघे जमतात: जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन, रिंगो स्टार. नवी गाणी बसवायची आणि लोकांसमोर वाजवायची, हा बेत. कॅमेरा सतत चालू. १० तारखेला जॉर्ज हॅरिसन 'चाललो मी' म्हणून निघून जातो. पुढे मनधरणी होते, बिऱ्हाड सॅव्हिल रोवरच्या त्यांच्या ॲपल कंपनीच्या तळघरात हलतं, बिली प्रेस्टन कीबोर्डवर येऊन बसतो आणि वातावरण निवळतं. ३० जानेवारीला त्याच इमारतीच्या गच्चीवर भर थंडीत ४२ मिनिटं वाजवतात. जॉनच्या अंगात त्याच्या प्रेयसीचा, योकोचा फरकोट, रिंगोच्या अंगात बायकोचा लाल रेनकोट. शेवटी पोलीस वर येतात. या टेपा मग पडून राहिल्या. त्यातून निघालेला 'लेट इट बी' हा अल्बम ८ मे १९७० ला बाजारात आला, तेव्हा बँड उरलाच नव्हता.

माझं म्हणणं एवढंच: हे लोक माईकसमोर फुटले नाहीत, वहीत, म्हणजे हिशोबात फुटले. मॅनेजर ब्रायन एपस्टाइन ऑगस्ट १९६७ मध्ये वारला आणि घरातला कर्ता गेल्यावर जे होतं ते झालं. योकोचं नाव तर घेऊच नका. बाई आठ तास पेपर वाचते, विणकाम करते. पॉल स्वतःच तिथे गमतीने म्हणतो की पन्नास वर्षांनी लोक सांगतील, योको ॲम्प्लिफायरवर बसली म्हणून हे फुटले!

ताशेवाला

असहमत. तुम्ही मालिका पाहिलीत, पण सरावाला कधी उभे राहिला नाहीत, म्हणून असं वाटतं.

६ जानेवारीचा प्रसंग परत बघा. पॉल जॉर्जला समजावतोय, असं वाजव, तसं नको. आवाज गोड, शब्द जपून. आणि जॉर्ज म्हणतो, तू सांगशील ते वाजवतो, नको असेल तर वाजवतच नाही. चेहऱ्यावर काही नाही. हा माणूस त्या क्षणी मनाने गेलेला आहे, पाय चार दिवसांनी निघाले इतकंच.

मी नाशिकच्याच एका ढोल पथकात सहा वर्षं ताशावर होतो. एक चाल मी बसवली होती. प्रमुख म्हणायचा, आधी जुन्या पक्क्या करू, मग तुझी घेऊ. दोन गणपती गेले. तिसऱ्या वर्षी गोदापार्कजवळ सराव चालू असताना तेच वाक्य परत आलं. मी कमरेचा पट्टा सोडला, ताशा सतरंजीवर ठेवला आणि गाडीला किक मारली. सुपारीचे पैसे तेव्हा चोख मिळत होते बरं का. वहीत एक रुपयाचा घोळ नव्हता.

वहीखाते

ताशेवाले, पथक फुटलं का मग? तुम्ही गेलात. पथक अजून वाजतंय ना?

जाणं वेगळं, फुटणं वेगळं. ऑगस्ट १९६८ मध्ये रिंगो दोन आठवडे बँड सोडून गेला होता. परत आला तेव्हा ड्रम्स फुलांनी सजवून ठेवले होते. जॉर्ज गेला, परत आला. माणसं परत येतात. सह्या परत येत नाहीत.

गच्चीवर वाजवायच्या दोन दिवस आधी, त्याच मालिकेत, जॉन हरखून एका अ‍ॅलन क्लाइन नावाच्या अमेरिकन मॅनेजरबद्दल बोलतोय. नुकताच त्याला भेटलाय. ध्वनिमुद्रण सांभाळणारा ग्लिन जॉन्स हळूच सुचवून बघतो की माणूस जरा विचित्र आहे. जॉन ऐकत नाही. माझ्या मते तो आठ तासांतला सगळ्यात भीतीदायक तुकडा, आणि त्यात कोणी आवाजही चढवत नाही.

मार्चमध्ये पॉलने लिंडा ईस्टमनशी लग्न केलं. त्याला व्यवहार बघायला सासरे आणि मेव्हणा हवे होते, दोघेही वकील. बाकी तिघांना क्लाइन. मे महिन्यात तिघांनी क्लाइनच्या कागदावर सह्या केल्या, पॉलने केली नाही. त्याच वर्षी त्यांच्या गाण्यांचे हक्क असलेल्या नॉर्दर्न साँग्ज कंपनीतले शेअर प्रकाशक डिक जेम्सने त्यांना न विचारता एटीव्ही या टीव्ही कंपनीला विकून टाकले. स्वतःची गाणी स्वतःच्या हातातून गेली! हे घडत असताना कोण कोणाला गिटार कशी वाजवायची सांगत होतं, याला काय महत्त्व?

चार भागीदार आणि दोन सीए असलं की काय होतं ते मी अंबडच्या कारखान्यांत दर मार्चला बघतो.

गोदाकाठची

महत्त्व आहे. फार आहे.

मी नऊ वर्षं गाणं शिकले, त्यामुळे मला हा प्रश्न संगतकाराचा वाटतो. आपल्याकडे पाटीवर गवयाचं नाव मोठं, तबलजीचं खाली बारीक. द. वि. पलुस्कर जन्माने आपल्या नाशिकचे. त्यांच्या जुन्या तबकड्या घरी लागायच्या, तर मी आजोबांना विचारलं होतं, तबल्यावर कोण? आजोबांना सांगता आलं नाही, आणि त्याचं त्यांना काही वाटलंही नाही. पण तबलजीला हे आधीपासून ठाऊक असतं. जॉर्जला ते पंचविसाव्या वर्षी कळलं. लेनन–मॅकार्टनी ही जोडी, आणि ह्याची तबकडीमागे एखाद-दोन गाणी. 'लेट इट बी'मध्येही दोनच. 'ऑल थिंग्ज मस्ट पास' तो त्या जानेवारीत सगळ्यांसमोर वाजवत होता, बँडने ते घेतलंच नाही. बँड फुटल्यावर नोव्हेंबर १९७० मध्ये त्याने त्याच नावाचा तीन तबकड्यांचा संच काढला. तीन! म्हणजे आत किती साठलं होतं बघा.

आणि 'हिअर कम्स द सन' कुठे सुचलं? हिशोबाच्या बैठकीला दांडी मारून गिटारवाल्या मित्राच्या, एरिक क्लॅप्टनच्या बागेत.

वहीखाते

बैठकीला दांडी मारावीशी वाटली, म्हणजे बैठका असह्य होत्या. धन्यवाद. माझाच मुद्दा.

पंचवटीचा पासधारक

इगतपुरीच्या बोगद्यात रेंज जायच्या आत लिहितो. मूळ प्रश्नच चुकीचा आहे. 'लेट इट बी' शेवटची तबकडी नाहीच. शेवटचं मनापासूनचं काम 'ॲबी रोड', ती सप्टेंबर १९६९ मध्ये आली. स्टुडिओत चौघे एकत्र शेवटचे बसले ते २० ऑगस्टला, त्याच कामासाठी. 'लेट इट बी' म्हणजे फ्रीजमधली आदल्या दिवशीची भाजी, वरून फोडणी फिल्म स्पेक्टर या संगीत निर्मात्याची.

त्या फोडणीवर मात्र बोलायलाच हवं. 'द लाँग अँड वाइंडिंग रोड' हे पॉलचं साधं पियानोवरचं गाणं. स्पेक्टरने १ एप्रिल १९७० ला त्यावर व्हायोलिनांचा ताफा, हार्प आणि बायकांचा कोरस चढवला. पॉलला न विचारता. त्याने १४ एप्रिलला क्लाइनला पत्र लिहिलं की हे कमी करा, आणि माझ्या गाण्याला परत असं करू नका. काही कमी झालं नाही. पुढे कोर्टात हीच तक्रार त्याने पुराव्यात मांडली. तेव्हा वही की गाणं, सांगा आता. इथे दोन्ही एकाच कागदावर आहेत.

(फिल्म नाही, फिल. ऑटोकरेक्ट.)

चिवडाबहाद्दर

बोगद्यातून सुद्धा एवढं मोठं? पॉपकॉर्नऐवजी कोंड्याचा चिवडा घेऊन बसलोय, चालू द्या.

पण एक विचारू? फुटले तेव्हा एकाचीही तिशी उलटली नव्हती. जॉन आणि रिंगो २९, पॉल आणि जॉर्ज २७. या वयात माझी गाडी सिन्नर फाट्यापर्यंतही धड जात नव्हती. दहा-बारा वर्षं एकमेकांच्या उशापायथ्याशी काढली, कंटाळले, संपलं. कारण कशाला हवंय?

ताशेवाला

कंटाळलेली माणसं असं करतात का? जॉर्ज गेल्यावर पॉल आणि जॉन कँटीनमध्ये बोलायला बसले. चित्रपटवाल्यांनी फुलदाणीत माईक लपवला होता. कपबश्यांच्या खडखडाटातून ऐकू येतं, जॉन म्हणतोय की जॉर्जची जखम आपण चिघळू दिली, मलमपट्टी केली नाही. वही, क्लाइन, शेअर, काही नाही. जखम. कॅमेरा नसताना काय बोलले ते धरा.

गंगापूररोडकर

फुलदाणी मी विसरलो होतो, मान्य. पण जखम असून माणूस वर्षभर वाजवतो. कोर्टात कोण गेलं? ३१ डिसेंबर १९७० ला पॉल. कशासाठी? भागीदारी मोडण्यासाठी. मार्च १९७१ मध्ये न्यायमूर्ती स्टॅम्प यांनी रिसीव्हर, म्हणजे कोर्टातर्फे कारभार सांभाळणारा माणूस नेमला. कागदोपत्री बीटल्स संपले ९ जानेवारी १९७५ ला. जॉनची सही आधीच्या डिसेंबरात झाली, फ्लोरिडातल्या डिस्नेच्या हॉटेलात! जखमेला रिसीव्हर नेमत नाहीत.

गोदाकाठची

कोर्ट म्हणजे तेरावं. माणूस आधी जातो.

२० सप्टेंबर १९६९ ला काय झालं ते वहीवाल्यांनी सांगावं. त्या दिवशी सह्या होणार होत्या त्या कराराच्या, ज्यात क्लाइनने रॉयल्टी चांगली वाढवून आणली होती. पॉलनेही तो मान्य केला. म्हणजे वही त्या दिवशी भरलेली होती. आणि त्याच बैठकीत जॉन म्हणाला, मला घटस्फोट हवाय. बाहेर बोलू नको म्हणून त्याला गप्प केलं. पैशासाठी फुटले म्हणता, मग पैसे वाढले त्याच दिवशी तो का गेला?

वहीखाते

यावर माझ्याकडे आत्ता उत्तर नाही. रिटर्न भरून झाले की बघतो.

पंचवटीचा पासधारक

नाशिकरोड आलं. उतरता उतरता: मार्च १९७० संपताना जॉन-जॉर्जचं पत्र घेऊन रिंगो पॉलच्या घरी गेला. तुझी स्वतःची तबकडी पुढे ढकल, 'लेट इट बी' येतोय, असं त्यात होतं. पॉलने त्याला घराबाहेर काढलं. रिंगोला! ज्याच्याशी कोणाचंच वाकडं नव्हतं. त्यानंतर दहा-बारा दिवसांत पॉलचं बीटल्समधून बाहेर पडल्याचं निवेदन पेपरात.

गोदाकाठची

रिंगोचं नाव निघालंच आहे तर: तळघरात तो पियानोवर 'ऑक्टोपसेस गार्डन'चा अर्धवट तुकडा वाजवून दाखवतो. पुढे काय ते त्याला सुचत नाही. जॉर्ज शेजारी उभा राहून गिटारवर पुढचा कॉर्ड दाखवतो, मग त्याच्या पुढचा. सांगत नाही, दाखवतो. मी तो भाग तीनदा मागे घेऊन पाहिला.

ताशेवाला

रविवारी परत लावा. फक्त गच्चीचा भाग. स्पीकर माझा.

गंगापूररोडकर

साडेसातला या. काकूंना मी आधी सांगून ठेवतो, ४२ मिनिटंच आहे म्हणून.