मदत हवी आहे: जिंकत आलेला डाव एका चालीत घालवण्याची खोड कशी मोडावी?

नमस्कार. बुद्धिबळाच्या १५ मिनिटांच्या डावात, प्रत्येक चालीला १० सेकंद वाढवून मिळत असूनही, वरचढ स्थिती एका निष्काळजी चालीने घालवण्याची माझी खोड जात नाही. परवा पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळताना, माझ्याकडे एक उंट जास्त असताना, पहिल्या ओळीवरचा हत्ती मी एक प्यादे टिपायला पुढे नेला. किल्लेकोटानंतर (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवून राजाला सुरक्षित जागी नेल्यानंतर) राजापुढची तिन्ही प्यादी जागची हलली नव्हती, त्यामुळे समोरच्याचा हत्ती सरळ पहिल्या ओळीवर उतरला आणि मात झाली. घड्याळात माझी ६ मिनिटे शिल्लक होती! २०२४ च्या जगज्जेतेपदाच्या चौदाव्या डावात डिंग लिरेन यांचीही हत्तीचीच चाल चुकली आणि गुकेश जिंकला, पण तो तासन्‌तास चाललेला डाव होता.

चालीपूर्वी समोरच्याचे शह, मारामारी आणि धमक्या तपासाव्यात, हा सल्ला मला पाठ आहे. मात्र स्वतःचा हल्ला दिसू लागला की तोच नेमका विसरतो. चाल आधी लिहून मग खेळावी, तर फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या नियमांत ते बसत नाही. ही तपासणी अंगवळणी पडावी म्हणून आपण कोणता सराव केलात आणि त्याला साधारण किती दिवस लागले, हे कृपया सांगावे.