पुणे ते गोवा सायकलने, शाळकरी मुलींच्या सायकलींसाठी. तयारी कशी करू?

मृण्मयी_कोथरूड
नमस्कार मंडळी, डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आमचा ग्रुप पुण्याहून गोव्याला सायकलने निघतोय, चार दिवसांत, मुक्काम सातारा, कोल्हापूर, आंबोली आणि मग पणजी. भोर तालुक्यातल्या एका शाळेतल्या मुलींना सायकली घेऊन द्यायच्यात, वाड्यावस्त्यांवरून पाच-सहा किमी चालत येतात पोरी आणि आठवीनंतर बऱ्याच जणींची शाळाच सुटते. त्यासाठी ओळखीपाळखीत पैसे गोळा करतोय. माझं वय ४३, हायब्रिड सायकल आहे, रविवारी खडकवासल्याला जाऊन येते तेवढं आरामात होतं. पण रोज शंभर-सव्वाशे किमी आणि तेही लागोपाठ, ते जमायला आता ऑगस्टपासून काय काय करू? ऑफिस आहे, मुलगा दहावीत आहे, रोज दोन तास काही मिळणार नाहीत. आणि लोकांनी विश्वासाने पैसे दिलेत तर मला मध्येच सोबतच्या टेम्पोत बसायचं नाहीये.

घाटवाट
ताई, चार महिने भरपूर झाले, फक्त एक गोष्ट धरून ठेवा, शनिवार-रविवार दोन्ही दिवस सायकल चालवायची. एकाच दिवशी दीडशे मारायचे आणि मग आठवडाभर सायकलीकडे बघायचं नाही, याचा अशा राईडला फारसा उपयोग नाही, कारण अवघड जातो तो दुसऱ्या दिवशीचा पहिला तास, पाय जड, सीटवर बसवत नाही, आणि शरीराला नेमकी त्याचीच सवय लावायची असते. आत्ता शनिवारी ४०, रविवारी ३० पासून सुरू करा, तीन आठवडे थोडं थोडं वाढवा, चौथ्या आठवड्यात कमी करा, नोव्हेंबर संपेपर्यंत शनिवारी १०० आणि रविवारी ८० झाले की झालं तुमचं काम. शेवटच्या दहा दिवसांत मात्र हलकंच चालवा. मधल्या वारी पाऊण तास मिळाला तर कात्रजचा जुना घाट नाहीतर बोपदेव, कारण पहिल्याच दिवशी खंबाटकी आहे. घाटात उभं राहून जोर लावत बसू नका, सगळ्यात हलका गिअर टाकायचा आणि शेजारच्याशी बोलता येईल इतक्याच दमाने चढायचं. मागच्या चाकाच्या कॅसेटमध्ये (गिअरच्या चकत्यांचा संच) सगळ्यात मोठी चकती ३२ किंवा ३४ दात्यांची आहे का बघून घ्या.

फिजिओ_नगर
वरचं सगळं बरोबर पण त्याआधी सीटची उंची बघा प्लीज, निम्मी गुडघेदुखी तिथूनच येते. भिंतीला धरून सायकलवर बसा, पेडल अगदी खाली असताना त्यावर टाच ठेवली की पाय सरळ व्हायला पाहिजे. गुडघा पुढून दुखत असेल तर बहुतेक सीट खाली आहे, मागून दुखत असेल तर वर आहे. पॅडवाली शॉर्ट्स घ्या आणि तिच्या आत दुसरं काही घालायचं नाही, शिवणीचा काच लागतो आणि तिसऱ्या दिवशी बसणं मुश्किल होतं. आणि बायकांसाठी रुंद सीट येते ती मऊ म्हणून नाही, बसायच्या हाडांच्या मापाची म्हणून घ्यायची, फार मऊ सीट लांबच्या पल्ल्याला उलट जास्त त्रास देते.

कराडकर_७७
आमच्या भागातून जाणार आहात म्हणून सांगतो, डिसेंबरात कारखाने चालू असतात, उसाचे ट्रॅक्टर हायवेवर दोन-दोन ट्रॉल्या जोडून चाललेले असतात, ऊस बाजूने बाहेर आलेला आणि बऱ्याच ट्रॉल्यांना मागे लाईट नसतो. अंधार पडायच्या आत मुक्कामी पोचा, आणि ओव्हरटेक करताना मागचं बघितल्याशिवाय उजवीकडे सरकू नका. खायचं म्हणाल तर भूक लागायची वाट बघायची नाही, दर पाऊण तासाला काहीतरी तोंडात टाकायचंच, केळं, राजगिऱ्याचा लाडू, खजूर, मीठ लावलेला उकडलेला बटाटा. दुपारी मिसळ, तांबडा-पांढरा बघून मन होणारच, पण ते रात्री मुक्कामाला, दुपारी दहीभात नाहीतर पोहे बरे. नुसतं पाणी पीत राहू नका, एका बाटलीत ओआरएस ठेवा, मोठं पाकीट एक लिटरला असतं ते एक लिटरमध्येच टाका. हे सगळं आत्तापासून शनिवार-रविवारी करून बघा, पोटाला काय सोसतं ते आधी कळलं पाहिजे.

मृण्मयी_कोथरूड
किती छान सांगितलंत सगळ्यांनी, उद्याच सीट बघते. अजून एक विचारायचं होतं, हॉटेल आणि टेम्पोचा खर्च जमलेल्या पैशातून करावा असं ग्रुपमधल्या काही जणांचं म्हणणं आहे, मला ते पटत नाहीये पण नीट सांगता येत नाहीये.

हिशोब_चोख
तुमचंच बरोबर आहे, ठाम राहा. आपल्या राहण्या-खाण्याचा खर्च आपण करायचा, लोकांनी दिलेला रुपया मुलींच्या सायकलीला. कुणा एकाच्या जीपेवर पैसे घेऊच नका, शाळेच्या किंवा संस्थेच्या खात्यात थेट जाऊ देत आणि पावती मिळू दे, देणगीवर आयकरात सूट (८०जी) मिळत असेल तर देणाऱ्यालाही बरं. सायकली घेतल्यावर बिलाचा फोटो ज्यांनी पैसे दिले त्या सगळ्यांना पाठवा. आणि पंप, पंक्चरचं सामान, थोडे जादा ट्यूब याचेही पैसे त्यात धरा, कारण वाडीवर पंक्चरवाला नसतो आणि सायकल पडून राहिली की पोरगी परत चालायला लागते.

घाटवाट
+१. आणि ताई, निघायच्या आधी ब्रेकचे पॅड नवीन टाका. आंबोलीहून दाणोलीपर्यंत उतारच आहे, तिथे ब्रेक सतत दाबून ठेवला तर रिम तापते, दाबा-सोडा करत उतरा, वळणाच्या आधीच स्पीड कमी करा, आणि सकाळी दाट धुकं असलं तर चहा घेऊन थोडं उशिरा निघा.