स्वसंरक्षणासाठी पिस्तूल: ९ एमएम पुरतं, की .४५ हवंच?

खटका: स्वसंरक्षणासाठी ९ एमएम सोडून दुसरं काही घ्यायला आता सबळ कारण उरलेलं नाही, असं माझं मत. १२४ ग्रेनची, म्हणजे ८ ग्रॅमची ९ एमएम गोळी सेकंदाला साधारण ३५० मीटर वेगाने सुटते. ऊर्जा ४९० ज्यूल. २३० ग्रेनची .४५ एसीपी (.४५ इंची काडतूस; गोळी १४.९ ग्रॅम) २५५ मीटरने, ऊर्जा ४८५ ज्यूल. बरोबरीच झाली की! पण वजन गुणिले वेग, म्हणजे संवेग काढा (किलो × मीटर प्रति सेकंद): २.८ आणि ३.८. हाताला बसणारा धक्का मुख्यतः या आकड्यावर ठरतो. वर ग्लॉक १७ च्या मॅगझीनमध्ये १७ गोळ्या, .४५ च्या ग्लॉक २१ मध्ये १३. जास्त धक्का, कमी गोळ्या, फायदा शून्य.

पंचेचाळीस: ज्यूलने माणूस थांबत नाही हो. पिस्तुलाच्या वेगाला बहुतेक ऊती ताणल्या जातात आणि परत जागेवर येतात. उरतं ते भोक: किती खोल आणि किती रुंद. हॉलो पॉइंट (टोकाला खळगा असलेली, आत शिरल्यावर फुलणारी गोळी) उमलली तर ९ एमएम उत्तमच, पण जाड कपड्यातून जाताना तिच्या खळग्यात कापड ठासलं जातं आणि ती उमलतच नाही. मग ९ ची गोळी ९ मिमीच राहते, .४५ ची मात्र साडेअकरा मिमी. छेदाचं क्षेत्रफळ ६४ विरुद्ध १०४ चौरस मिमी. शिवाय १९८६ ची मायामीची, एफबीआय आणि बँक लुटारूंमधली चकमक आठवा. एजंटची ९ एमएम गोळी एका लुटारूच्या दंडातून छातीत शिरली आणि हृदयाच्या अलीकडे थांबली. तो लुटारू त्यानंतरही गोळ्या झाडत राहिला, एफबीआयचे दोन एजंट गेले.

खटका: मायामी येणारच होतं! ती ११५ ग्रेनची हलकी, झटकन उमलणारी गोळी होती. दोष बनावटीचा, कॅलिबरचा नाही. त्यानंतरच एफबीआयने आपली जिलेटीन चाचणी बसवली: मांसाऐवजी १० टक्के जिलेटीन, गोळी १२ ते १८ इंच (३० ते ४५ सेंमी) आत गेली पाहिजे, तीही नुसत्या जिलेटीनमध्ये आणि जाड कपडे, पत्रा, जिप्समची भिंत, प्लायवूड, गाडीची काच यांच्या आडूनही. ते आधी १० एमएमवर गेले, मग .४० वर, आणि २०१४ मध्ये त्यांच्याच प्रशिक्षण विभागाने ९ एमएमची बाजू घेतली. कारण सरळ होतं: नव्या गोळ्यांमध्ये खोलीचा फरक जवळपास मिटला आणि बहुतेकांचा नेम ९ ने जास्त वेगाने, जास्त अचूक बसतो.

चेंबर_चेक: .४० बद्दल एवढंच. संवेग ३.५, म्हणजे धक्का जवळपास .४५ चा, आणि दाब ९ एमएमइतका चढा. रोज पिस्तूल रिकामं करून तेच वरचं काडतूस पुन्हा चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेत) ढकलू नका. गोळी थोडी थोडी पुंगळीत मागे सरकते, आतली जागा कमी होते आणि दाब धोकादायक वाढतो. ही खोड सगळ्याच कॅलिबरना आहे, .४० ला जास्त महागात पडते. नव्या काडतुसाशेजारी उभं करून लांबी बघा. आखूड दिसलं तर बाद.

मनगट: तुम्ही दोघंही धडधाकट हात गृहीत धरताय. संधिवाताच्या बोटांना ९ एमएमची स्लाइड (पिस्तुलाचा मागे ओढायचा वरचा भाग) ओढवत नसेल तर ही चर्चा कशासाठी? .३८० एसीपी या ९ एमएमपेक्षा आखूड काडतुसाचा धक्का बराच कमी आहे.

खटका: काडतुसाचा कमी, पिस्तुलाचा नव्हे! बरीच छोटी .३८० ब्लोबॅक असतात. नळी लॉक होत नाही, स्लाइडचं वजन आणि स्प्रिंग एवढ्यावरच सगळं रोखायचं, म्हणून स्प्रिंग कडक. घ्यायचंच तर लॉक होणाऱ्या नळीचं घ्या. गोळीचीही पंचाईत आहे: उमलली तर बऱ्याचदा १२ इंच गाठत नाही, गाठली तर उमललेली नसते.

मनगट: म्हणून .३८० मध्ये अनेक जण साधी फुल मेटल जॅकेट (धातूच्या आवरणाची, न उमलणारी गोळी) भरतात, खोली तरी मिळते. रिव्हॉल्व्हर सुचवायच्या आधी सांगतो, स्लाइड नसली तरी डबल अ‍ॅक्शनचा (एकाच ओढीत घोडा उचलून सोडणारा) चाप ओढायला साधारण ५ किलोचा जोर लागतो. आणि मनगट सैल पडलं की हलक्या पिस्तुलाची स्लाइड पूर्ण मागे जात नाही, रिकामी पुंगळी बाहेर पडायच्या खिडकीतच उभी अडकते. .२२ चा धक्का नगण्य, पण त्याचा प्रायमर (दारू पेटवणारा स्फोटक) पुंगळीच्या कडेत पसरलेला. एखादी न उडण्याची शक्यता जास्त.

पंचेचाळीस: मूळ मुद्दा राहिला. उमलणं वेगावर अवलंबून आहे आणि खिशात मावणाऱ्या ३ इंच नळीत वेग घटतो. तिथे ९ ची हॉलो पॉइंट किती भरवशाची?

खटका: आणि .४५ चा वेग मुळात कमी, तो आणखी घटला की तीही बंदच राहते. आखूड नळीसाठी बनवलेल्या गोळ्या दोन्हींत मिळतात, त्या वापरा.

पंचेचाळीस: बंद राहिली तरी साडेअकरा मिमी! हेच तर मघापासून सांगतोय.

चेंबर_चेक: रेंजवर सोडवा. एकाच आकाराची दोन पिस्तुलं, ७ मीटर, २० सेंमीचा गोल, टायमर लावून पाच गोळ्या. पाचही गोलात बसल्या तरच वेळ धरायची. खऱ्या वापरातल्याच गोळ्या घ्या, सरावाच्या हलक्या नकोत. धक्का वेगळा असतो आणि हॉलो पॉइंट चेंबरच्या तोंडाशी अडकते का तेही कळतं. आणि पहिलीच फेरी मोजा, हात तापल्यानंतरची नाही.