दुसरीचा वर्ग ओरडल्याशिवाय शांतच होत नाही, काय करू?

दुसरीची_बाई

नमस्कार. आधी मी पाचवी-सहावीला गणित शिकवायचे. या वर्षी पहिल्यांदाच दुसरीचा वर्ग मिळालाय, 38 मुलं आहेत. मुलं गोड आहेत, मला लळाही लागलाय. पण दिवसातला निम्मा वेळ "शांत बसा" म्हणण्यात जातो. आवाज चढवला की मिनिटभर शांतता, पुन्हा गलका.

सगळ्यात जास्त त्रास तीन ठिकाणी होतो. एक, तास बदलताना. भाषेची वही आत आणि गणिताची बाहेर एवढ्यासाठी दहा मिनिटं जातात. दोन, एक मुलगा आहे, तो जागेवर बसूच शकत नाही. उठतो, दुसऱ्याचं खोडरबर उचलतो, बाकाखाली शिरतो. दिवसभर त्याचंच नाव माझ्या तोंडी असतं. आणि तीन, तक्रारी. "बाई, हा माझ्याकडे बघतोय", "बाई, हिने माझी पेन्सिल घेतली." एक मिटवेपर्यंत पुढची हजर.

मॉनिटरला गडबड करणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायला सांगून पाहिलं. स्टारचा तक्ता लावला. आठवडाभर छान चाललं, मग मुलं विचारायला लागली, "हे केलं तर किती स्टार देणार?" शाळेतल्या अनुभवी मंडळींचं म्हणणं, धाक नसेल तर लहान मुलं ऐकत नाहीत. मला मुलांना घाबरवायचं नाही, अपमानही करायचा नाही. पण वर्ग तर चालायला हवा. लहान वर्ग शिकवणाऱ्यांनी कृपया सांगा.

पाटी_पेन्सिल

टाळ्यांचा ठेका वापरून बघा. तुम्ही ठरावीक तालात टाळ्या वाजवायच्या, मुलांनी तोच ताल परत वाजवायचा. हात गुंतले की तोंडं आपोआप बंद होतात. मात्र टाळ्या थांबल्या थांबल्या पुढची सूचना तयार हवी, नाहीतर त्याचाच खेळ होतो.

पहिली_ते_चौथी

ताई, तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितेय. माझी सगळी नोकरी लहान वर्गांवरच झाली आणि याच गोष्टीवर मी सर्वांत जास्त विचार केलाय.

आधी एक काम करा. दोन-तीन दिवस टेबलावर एक कागद ठेवा. गडबड झाली की वेळ लिहा आणि त्याच्या अगदी आधी वर्गात काय चाललं होतं तेही लिहा. कोणी केली ते लिहू नका. मुलांची नावं लिहिली की आपण मुलांना दुरुस्त करायला निघतो. वेळा लिहिल्या की दिवसाची आखणी कुठे सैल आहे ते दिसतं.

जेकब कौनिन या मानसशास्त्रज्ञाने बऱ्याच वर्गांचं चित्रीकरण करून अभ्यास केला होता. 1970 साली त्याने ते निष्कर्ष मांडले. शिक्षक मुलांना कसं रागावतात, यावर वर्गाची शिस्त ठरते का, हे त्याला बघायचं होतं. चांगल्या चाललेल्या आणि विस्कटलेल्या वर्गांमध्ये रागावण्याच्या पद्धतीत त्याला सांगण्यासारखा फरक सापडला नाही. फरक होता तो गडबड होण्याआधी शिक्षक काय करतात यात. सगळ्या वर्गावर नजर असणं, एका कामातून दुसऱ्या कामात मुलांना न अडखळता नेणं, कोणाला रिकामं बसू न देणं. मला हे वाचून फार बळ आलं, कारण रागावण्याची कला आपल्याकडे नसली तरी चालतं. आखणी मात्र शिकता येते.

आता तास बदलण्याबद्दल. "भाषेची वही आत ठेवा, गणिताची काढा, तारीख टाका आणि फळ्याकडे बघा" ही एका दमात चार कामं झाली. सात वर्षांचं मूल त्यातलं पहिलं किंवा शेवटचं धरतं, बाकीचं शेजाऱ्याला विचारतं. तोच गलका. एकच सूचना द्या: "भाषेची वही दप्तरात." थांबा. नजर फिरवा. "झालेल्यांनी हात बाकावर ठेवा." बहुतेक हात दिसले की मगच पुढची. सुरुवातीला हे फार संथ वाटेल, पण तुमच्या दहा मिनिटांपेक्षा कमीच वेळ लागेल. आणि याचा सराव घ्या, खराखुरा, हातच्याची बेरीज शिकवताना घेतो तसा. आधी तुम्ही करून दाखवा, मग एका बाकाने करून दाखवायचं, मग सगळ्यांनी. सुट्टीनंतर शाळा उघडली की पुन्हा घ्या, कारण मुलं विसरतात.

ज्यांचं काम लवकर संपतं त्यांच्यासाठी कायमचं एक काम ठरवून ठेवा: गोष्टीचं पुस्तक, चित्राची वही, काहीही. "बाई, झालं. आता काय करू?" हे विचारायची वेळच येऊ नये.

आता तुमच्या त्या मुलाकडे येते. 1968 साली पहिलीच्या एका वर्गात एक प्रयोग झाला होता. "खाली बसा" असं शिक्षिकांनी जितकं जास्त वेळा म्हटलं, तितकी जास्त मुलं उभी राहायला लागली! आणि जागेवर बसून काम करणाऱ्यांचं कौतुक सुरू केल्यावर उभं राहणं कमी झालं. तुम्हीच लिहिलंय, दिवसभर त्याचंच नाव माझ्या तोंडी असतं. म्हणजे त्याला बाई हव्या असतात तेव्हा त्या कशा मिळवायच्या हे त्याला नीट कळलंय. मूल लबाड आहे असा याचा अर्थ मुळीच नाही. त्याला तुम्ही हव्या आहात, एवढाच अर्थ आहे.

म्हणून तो बसलेला असताना त्याच्याजवळ जा. सुरुवातीला ती वेळ अर्ध्या मिनिटाचीच असेल, ती पकडा. "शाब्बास, गुणी बाळ" म्हणू नका. त्यातून त्याला काहीच कळत नाही. त्याने काय केलं ते सांगा: "तू तीन ओळी न उठता लिहिल्यास." हळू आवाजात, त्याच्या बाकापाशी वाकून. सगळ्या वर्गासमोर केलेलं कौतुक काही मुलांना नको असतं. आणि त्याच्या कौतुकातून शेजारच्याला टोमणा तर कधीच नको. "बघा, हा कसा छान बसलाय, आणि तुम्ही?" हे कौतुक नव्हे.

त्याचबरोबर त्याला हालचाल द्या. वह्या वाटणं, फळा पुसणं, खडू आणणं. मागच्या बाकाजवळ जमिनीवर चिकटपट्टीने चौकोन आखून द्या, तिथे उभं राहून लिहिलं तरी चालेल असं सांगा. काही मुलांना उभ्यानेच नीट सुचतं. आणि त्याचे डोळे-कान तपासले गेलेत का, हे पालकांना जरूर विचारा. फळा दिसत नसेल किंवा सूचना अर्धवट ऐकू येत असेल तर मूल उठणारच, शेजाऱ्याच्या वहीत डोकावणारच.

एक सावधगिरी. बारीकसारीक चुळबुळीकडे दुर्लक्ष करायला लागलात की पहिले काही दिवस ती वाढते. इतके दिवस चालणारा उपाय बंद पडला म्हणून मूल जोर लावून बघतं. नेमक्या तिथेच आपण कंटाळून ओरडतो, आणि जास्त जोर लावला की बाई मिळतात हे ते शिकतं. कोणाला लागेल असं काही असेल तर मात्र दुर्लक्ष नाही, लगेच उठायचं.

मॉनिटरची नावांची यादी आजच बंद करा, हे मी कळकळीने सांगते. सात वर्षांच्या मुलाच्या हातात दुसऱ्या मुलाची अब्रू देऊ नये. आणि नाव फळ्यावर गेलेल्या मुलाला दिवसभर सुधारायचं कारणच उरत नाही.

मधली_सुट्टी

सगळं पटलं, पण एक विचारते. कौतुक, दुर्लक्ष हे ठीक. पण एखाद्याने मुद्दाम दुसऱ्याचं चित्र फाडलं तर? काहीतरी परिणाम भोगायला नको का? आमच्याकडे मधल्या सुट्टीत वर्गात बसवून ठेवतात.

पहिली_ते_चौथी

परिणाम हवाच. प्रेमळ वागणं म्हणजे काहीही चालवून घेणं नव्हे. पण तो त्या कृतीशी जोडलेला, छोटा आणि लगेचचा असावा. चित्र फाडलं तर दोघांनी मिळून ते मागून चिकटवायचं. पाणी सांडलं तर पुसायचं. ढकलाढकली केली तर हा तास माझ्याशेजारी बसायचं, आणि तास संपला की विषय संपला. दुसऱ्या दिवशी त्याची आठवणही काढायची नाही. सुट्टी कापायला माझा ठाम विरोध आहे. ज्यांची सुट्टी जाते, बहुतेक त्याच मुलांना पळण्याची सर्वांत जास्त गरज असते, आणि तीच मुलं मग पुढचे दोन तास चुळबुळत काढतात.

खडू_डस्टर

स्टारबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. 1973 साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांचा बालवाडीतल्या मुलांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. चित्रं काढायची मुळात आवड असलेली मुलं घेतली होती. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर बक्षीस मिळेल. नंतर मोकळ्या वेळात तीच मुलं चित्रांकडे कमी वळली. न सांगता अचानक बक्षीस मिळालेल्यांचं तसं झालं नाही. त्यामुळे मुलं आवडीने करतात त्याला स्टार लावू नका. आवडत नाही पण सवय लागायला हवी अशा एखाद्याच गोष्टीला लावा, आणि सवय लागली की हळूच काढून घ्या. मी एकेकट्याला न देता सगळ्या वर्गाला देतो: ठरलेलं काम वेळेत झालं तर वाचलेल्या वेळात गोष्ट. एकामुळे सगळ्यांची गोष्ट बुडेल असा नियम मात्र ठेवू नका, वर्ग त्या मुलावर तुटून पडतो.

पाटी_पेन्सिल

तक्रारींसाठी मी तीन प्रश्न शिकवलेत. कोणाला लागलंय का? कोणी रडतंय का? तुला भीती वाटतेय का? एकाचंही उत्तर हो असेल तर मी काहीही करत असले तरी धावत येऊन सांगायचं. नाहीतर आधी त्या मुलाला स्वतः सांगायचं: "मला हे आवडत नाही, थांब." हे वाक्य जोड्या करून, मोठ्याने म्हणायला लावून घटवून घेतलंय.

पहिली_ते_चौथी

फार छान. यात एवढंच जोडते की "चुगली करू नकोस" हे शब्द वर्गात येऊच देऊ नका. कोणी अंगाला नकोसा हात लावला, कोणी धमकावलं, तर तेही मूल याच दाराने येऊन सांगणार असतं. छोट्या तक्रारींनी कान किटले तरी ते दार उघडंच हवं.

दुसरीची_बाई

सगळ्यांचे मनापासून आभार. कागद ठेवून वेळा लिहिल्या. मला वाटत होतं तास बदलतानाच जास्त गडबड होते, पण बहुतेक नोंदी निघाल्या वह्या तपासायच्या वेळच्या. मुलं टेबलापाशी रांग लावतात आणि रांगेतच ढकलाढकली सुरू होते. तो मुलगाही नेमका तेव्हाच उठतो. पण 38 वह्या तपासायच्या तर आहेतच. त्या कशा करू?

पहिली_ते_चौथी

रांग बंद करा. मुलांनी बसायचं, पेन घेऊन तुम्ही फिरायचं. ती लिहीत असतानाच दोन-दोन ओळी बघत जा. चूक तिथल्या तिथे सुधारते आणि सगळ्या वर्गावर नजरही राहते. फिरताना पाठ भिंतीकडे, तोंड वर्गाकडे. रोज सगळ्या वह्या शेवटच्या ओळीपर्यंत तपासायचा हट्ट सोडा. बाकांच्या दोन ओळी आज नीट तपासा, बाकीच्यांवर नजर टाका, उद्या पुढच्या दोन ओळी. आणि फेरी सुरू करताना त्या मुलाच्या बाकापासून करा, तो उठायच्या आत.